खतविक्रीचा पाठ : आपला माल ओळखणें व दुसऱ्याचा ताडून पाहणें

खरिपाच्या तोंडावर सोसायटीच्या दुकानीं गर्दी होऊं लागते, आणि त्याच सुमारास दरवर्षीं एखादा नवा तरुण विक्रीच्या कामावर येतो. त्याला गोदामाच्या किल्ल्या देतात, पावतीपुस्तक देतात, हल्लीं अंगठा उमटविण्याचें यंत्रही समजावून देतात. परंतु ज्या पोत्यांच्या थप्पीपुढें त्यानें दिवसभर उभें राहावयाचें, त्या पोत्यांत काय आहे, हें त्याला सहसा कोणी सांगत नाहीं. ज्या मालाचा गुण आपणांस सांगतां येत नाहीं, तो माल आपण विकीत नसून नुसता उचलून देत असतों. त्या तरुणांकरितां, आणि आपण काय घेतों हें पारखूं इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंकरितां, हा पाठ लिहिला आहे.

हा पाठ मला एका चुकीनें शिकविला, ती चूक प्रथम सांगणें योग्य होईल. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली. निवृत्तीनंतर दुकानाचा हिशेब पाहण्याचें काम मीं पत्करलें, व गर्दीच्या दिवसांत गल्ल्यावरही बसूं लागलों. पहिल्याच खरिपांत एक वृद्ध शेतकरी आले. गांवांत त्यांना सारे आबा म्हणतात. एकरभर सोयाबीनला त्यांना डीएपीचें एक पोतें हवें होतें. डीएपी आदल्या दिवशींच संपलें होतें. मीं थप्पीकडे पाहिलें, आणि "आबा, हे वीस-वीस घ्या, त्याच्याच जोडीचं आहे," असें बेधडक सांगून २०:२०:०:१३ या खताचें पोतें त्यांच्या गाडींत घालविलें. दोन्हीं रासायनिक, दोन्हीं पन्नास किलोचीं, दोहोंतही नत्र व स्फुरद. माझ्या लेखीं तेवढें पुरेसें होतें.

दिवाळीनंतर आबा बाकी फेडावयास आले. पैसे मोजून झाल्यावर ते म्हणाले, "भाऊसाहेब, नातवानं पोत्यावरचं वाचून हिशेब केला. डीएपीत स्फुरद जेवढं, त्याच्या निम्म्यानंही यात नव्हतं. पीक त्यानंच कमी आलं असं मी म्हणत नाही, पाऊसही तसाच होता. पण तुम्ही सांगायला हवं होतं. सातबाऱ्यावर एक गुंठा चुकला असता, तर तुम्हांला झोप आली असती का?"

मजजवळ उत्तर नव्हतें. ज्या माणसानें तीस वर्षें आकड्यांचा मेळ घातला, त्यानें पोत्यावर छापलेले चार आकडे वाचले नव्हते. त्या दिवसापासून मीं जें शिकलों, तें क्रमानें पुढें मांडतों.

१. पोत्यावरील आकडे वाचणें

खताच्या पोत्यावरील आकडे शेंकडा प्रमाण दाखवितात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. चौथा असल्यास बहुधा गंधकाचा. शेंकड्याला पोत्याच्या वजनानें गुणून शंभरानें भागिलें, कीं पोत्यांत खरा अंश किती किलो तें निघतें. विक्रेत्याला पुढील कोष्टक पाढ्यासारखें पाठ असावें :

युरिया (४५ किलो) : नत्र २०.७ किलो.
डीएपी (५० किलो) : नत्र ९, स्फुरद २३.
सिंगल सुपर फॉस्फेट (५० किलो) : स्फुरद ८, गंधक सुमारें ५.५.
म्युरेट ऑफ पोटॅश (५० किलो) : पालाश ३०.
१०:२६:२६ (५० किलो) : नत्र ५, स्फुरद १३, पालाश १३.
१२:३२:१६ (५० किलो) : नत्र ६, स्फुरद १६, पालाश ८.
२०:२०:०:१३ (५० किलो) : नत्र १०, स्फुरद १०, गंधक ६.५.

आतां आबांची गोष्ट पाहूं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणें सोयाबीनला हेक्टरीं ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश द्यावयाचें. म्हणजे एकरीं १२, २४ व १२ किलो झालें. डीएपीच्या एका पोत्यानें २३ किलो स्फुरद मिळून ती गरज जवळ जवळ भागते. मीं दिलेल्या पोत्यानें १० किलोच मिळालें. चौदा किलो तूट राहिली. ती भरून काढण्यास त्याच खताचीं जवळ जवळ अडीच पोतीं लागलीं असतीं, आणि मग नत्र दुपटीवर गेलें असतें. सोयाबीन मुळांवरील गांठींच्या योगें हवेंतील नत्र स्वतःच घेतें. त्याला जादा नत्र दिल्यास पाला माजतो. म्हणजे एक पोतें दिलें तरी चूक, आणि अडीच दिलीं तरी चूक. तें खत वाईट मुळींच नाहीं. नत्र व गंधक दोन्हीं मागणाऱ्या पिकांस तें चांगलें उपयोगी पडतें. तें डीएपीच्या जागीं पोत्यास पोतें म्हणून चालणारें नव्हतें, इतकेंच.

वजनाकडेही डोळा असावा. युरियाचें पोतें पूर्वी ५० किलोचें असे. २०१८ सालापासून तें ४५ किलोचें झालें. "एकरीं एक पोतें" असें जुन्या अंदाजानें टाकणाऱ्याच्या रानांत त्यामुळें २३ किलोऐवजीं २०.७ किलो नत्र पडूं लागलें, आणि पुष्कळांस हें कळलेंही नाहीं. म्हणून गिऱ्हाइकाशीं पोत्यांत बोलावें, पण मनांत हिशेब किलोचा करावा.

२. अंशाचा भाव काढणें

पोत्याची किंमत ही पोत्याची किंमत. शेतकऱ्याला विकत घ्यावयाचा असतो तो आंतील अंश. ही दृष्टि नवी नाहीं. आपले वाडवडील पेंडींचें खत घालीत, तेव्हां भुईमुगाच्या पेंडींत शेंकडा सात व एरंडीच्या पेंडींत शेंकडा चार-साडेचार नत्र धरून जाणते लोक दोहोंचा भाव ताडीत. तोच हिशेब आजच्या पोत्यांस लावावयाचा.

२०२३ सालच्या छापील भावांचें उदाहरण घेऊं. युरियाचें ४५ किलोचें पोतें २६६ रुपये ५० पैसे. त्यांत नत्र २०.७ किलो, म्हणजे एक किलो नत्र सुमारें १२ रुपये ८७ पैशांस पडलें. डीएपीचें पोतें १,३५० रुपये. त्यांतील ९ किलो नत्राचे ११६ रुपये वजा घातले, कीं २३ किलो स्फुरदाचे १,२३४ रुपये राहतात. किलोस सुमारें ५३ रुपये ६५ पैसे.

आतां समजा, २०:२०:०:१३ चें पोतें १,३०० रुपयांस मिळतें. दहा किलो नत्राचे १२९ रुपये वजा केले. साडेसहा किलो गंधकास किलोला १३ रुपये धरून ८४ रुपये तेही वजा केले. राहिले १,०८७ रुपये, दहा किलो स्फुरदाचे; म्हणजे किलोस १०८ रुपयांवर. मीं आबांना डीएपीपेक्षां पन्नास रुपयांनीं स्वस्त पोतें दिलें असें मला वाटत होतें. वास्तविक त्यांनीं स्फुरद दुप्पट भावानें घेतलें होतें.

दुसरें उदाहरण सुपर फॉस्फेटचें. डीएपीची टंचाई झाली, कीं एका डीएपीऐवजीं तीन पोतीं सुपर व सुमारें वीस किलो युरिया द्यावा, अशी शिफारस आहे. ती अंशांशीं जुळते. तीन पोत्यांत स्फुरद २४ किलो, वीस किलो युरियांत नत्र ९ किलो. सुपरचा भाव ५०० रुपये धरला तर हा जोड १,६१८ रुपयांस पडतो, म्हणजे डीएपीहून २६८ रुपये जास्त. पण त्या जादा पैशांत साडेसोळा किलो गंधक येतो, व चुन्याचा अंशही मिळतो. वर सांगितलेल्या शिफारशींत सोयाबीनला हेक्टरीं २० किलो, म्हणजे एकरीं ८ किलो गंधक आहे. ज्याच्या मातीपरीक्षणांत गंधक कमी निघाला, त्याचा जादा पैसा कारणीं लागेल. ज्याच्या रानांत तो पुरेसा आहे, त्याचा लागणार नाहीं. शिवाय एका पोत्याऐवजीं एकशें सत्तर किलो ओझें रानापर्यंत न्यावें लागतें, त्याचें भाडेंही हिशेबांत धरावें. यांपैकीं कोणतें घ्यावें हें शेतकऱ्यानें ठरवावें. दोन्ही बाजूंचे आकडे त्याच्यापुढें ठेवणें हें विक्रेत्याचें काम.

३. भावाबाहेरचा गुण

किलोचा भाव हा अर्धाच हिशेब होय. स्वस्त अंश जर त्या पिकास मानवत नसेल, तर तो महागच पडला. पालाशाचेंच पाहा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्यें शेंकडा ६० पालाश असतें व तें सल्फेट ऑफ पोटॅशहून पुष्कळ स्वस्त असतें. सल्फेटांत शेंकडा ५० च असतें. परंतु म्युरेटांत क्लोराइड असतें, तें तंबाखूच्या पानास बाधतें, आणि द्राक्षबागाईतदारही त्यास कचरतात. तंबाखूवाल्यास म्युरेट स्वस्त म्हणून देणें म्हणजे त्याचा माल बाजारांत उतरविणें होय.

तशींच पाण्यांत पूर्ण विरघळणारीं खतें. १९:१९:१९ च्या किलोचा भाव साध्या मिश्रखताच्या कितीतरी पट दिसतो. ज्याला तें जमिनींत पेरून द्यावयाचें आहे, त्यास तें घेऊं नका म्हणून सांगावें. परंतु ज्याच्याकडे ठिबक आहे, त्याला साधें मिश्रखत दिल्यास नळ्यांचीं तोंडें बुजतील. तेथें महाग तेंच योग्य.

कांहीं गोष्टी माल देतांनाच सांगावयाच्या असतात. युरिया ओल्या जमिनीवर उघडा फेंकल्यास त्यांतील नत्र वायु होऊन उडून जातें, म्हणून तो मातीआड करावा. युरिया व सुपर एकत्र कालवून ठेवल्यास मिश्रण ओलें व चिकट होतें, म्हणून कालविल्याबरोबर टाकून मोकळें व्हावें. हीं दोन वाक्यें सांगण्यास अर्धें मिनिट पुरतें.

माल हातानेंही ओळखतां यावा. युरियाचे दाणे पाण्यांत पूर्ण विरघळतात व पाणी गार लागतें. तापलेल्या तव्यावर ते वितळून नाहींसे होतात. डीएपीचे दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखे चुना लावून मळले, तर नाकास झोंबणारा उग्र वास येतो. या घरगुती खुणा संशय घेण्यापुरत्या आहेत, निवाडा करण्यापुरत्या नाहींत. संशय आल्यास थप्पी बाजूस ठेवून खत निरीक्षकास नमुना घेण्यास कळवावें. आपल्याच दुकानांतील माल असला तरीही हेंच करावें.

४. शेजारच्या दुकानाचा माल

पुष्कळ विक्रेते शेजारच्या दुकानाचें नांव काढतांच म्हणतात, "त्याचा माल हलका." विचारावें, "पाहिला आहे का?" तर पाहिलेला नसतो. न पाहतां दिलेला शेरा कोणत्याही दप्तरांत टिकत नाहीं. म्हणून महिन्यांतून एकदां उघडपणें शेजारच्या दुकानीं जावें, माल पाहावा, भाव विचारावा, आणि त्यांचा माणूस आला तर त्यालाही आपला दाखवावा. यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं.

ताडतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. २०२२ सालापासून सवलतीचीं खतें "भारत" या एकाच नांवानें येऊं लागलीं : भारत युरिया, भारत डीएपी. सर्व देशी युरियास कडुनिंबाचा लेप तर २०१५ सालींच सक्तीचा झाला होता. त्यामुळें "आमचा युरिया निंबाचा, आमच्या कंपनीचा" ही बढाई पोकळ होय. माल एक व छापील भाव एक असतां दोन दुकानांत फरक उरतो तो चारच गोष्टींत : माल वेळेवर असणें, वजन व पावती खरी असणें, सोबत कांहीं गळ्यांत न बांधणें, आणि खरा सल्ला देणें.

यांतील तिसरी गोष्ट विशेष जपावी. टंचाईच्या दिवसांत डीएपीबरोबर एखादी बाटली किंवा पुडी "घ्यावीच लागेल" असें ठिकठिकाणीं सांगतात. ही रीत बेकायदेशीर आहे. हिशेबानें पाहतां १,३५० च्या पोत्यासोबत ३०० ची नको असलेली बाटली घेतली, तर तें पोतें १,६५० ला पडलें. मग वर काढलेला स्फुरदाचा भाव किलोस ६६ रुपयांवर जातो. पुरवठादार हाच आग्रह आपल्या सोसायटीस करील, तेव्हां आपणही तो नाकारला पाहिजे. नाहींतर शेजाऱ्यास नांवें ठेवण्याचा आपणांस अधिकार राहत नाहीं.

नव्या मालासही हाच गज लावावा. २०२१ सालीं द्रवरूप नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली बाजारांत आली, व ती एका पोत्याच्या जागीं चालेल असें सांगण्यांत येऊं लागलें. त्या वेळच्या बाटलींत शेंकडा ४ नत्र होतें. म्हणजे अर्ध्या लिटरांत २० ग्रॅम. पोत्यांत २०.७ किलो, म्हणजे त्याच्या हजारपटीहून अधिक. पुढें बाटलींतील प्रमाण वाढविण्यांत आलें; तरी छापलेला आकडा वाचून गुणाकार करावा, आणि तो गिऱ्हाइकास सांगावा. बाटली पानांवर फवारावयाची असते, पोतें मुळांशीं द्यावयाचें असतें. हाही भेद सांगावा. एवढें ऐकून ज्यास बाटली घ्यावीशी वाटेल त्यास खुशाल द्यावी. पण "पोत्याऐवजीं ही घ्या" असें आकडा न सांगतां म्हणूं नये. आबांना मीं वीस-वीस दिलें, तें याच रीतीनें दिलें होतें.

औषधें व बियाणें यांचा प्रपंच मोठा आहे. येथें खूण तेवढी सांगतों. औषधाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत व्यापारी नांव असतें व बारीक अक्षरांत आंतील द्रव्य व त्याचें शेंकडा प्रमाण. बारीक अक्षरें वाचावीं. इमिडाक्लोप्रिड हें एकच द्रव्य कितीतरी नांवांनीं विकलें जातें, आणि १७.८ टक्के व ७० टक्के अशा निरनिराळ्या रूपांत येतें. बाटलीची किंमत पुडीच्या किंमतीशीं सरळ ताडणें व्यर्थ. एका नांवाचें फवारून गुण आला नाहीं म्हणून दुसऱ्या नांवाचें तेंच द्रव्य पुन्हा फवारणारे शेतकरी आपण पाहतों. विषारीपणाचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा या उतरत्या क्रमानें ओळखावा. बियाण्याच्या पिशवीवर निळा टॅग असल्यास तें प्रमाणित होय. हिरवें लेबल असल्यास तें उत्पादकानें आपल्या हमीवर विकलेलें सत्यप्रत बियाणें होय.

५. तुलनेची वही

हें सर्व डोक्यांत राहत नाहीं, म्हणून वही घालावी. मीं एक साधी आडवी वही घातली आहे. तिचे रकाने असे : मालाचें नांव, अंशांचे आकडे, पोत्याचें वजन, छापील किंमत, आपली किंमत, शेजारची किंमत, अंशाचा किलोस भाव, कोणत्या पिकास व जमिनीस योग्य, कोणास देऊं नये, पाहिल्याची तारीख, शेरा. तारखेवांचून नोंद करूं नये, कारण गेल्या हंगामाचा भाव आज सांगणें हेंही खोटेंच सांगणें होय. "कोणास देऊं नये" हा रकाना रिकामा राहिला, तर आपला त्या मालाचा अभ्यास झालेला नाहीं असें समजावें.

वही गल्ल्याजवळ ठेवावी व मागेल त्या गिऱ्हाइकास दाखवावी. शेजाऱ्याचा माल ज्या बाबतींत सरस आहे, तें तींत स्पष्ट लिहावें. यानें विक्री घटेल असें कांहीं सभासदांस वाटलें होतें. माझा अनुभव पुढीलप्रमाणें आहे.

गेल्या खरिपांत आपल्याकडे डीएपी पुन्हा संपलें, आणि नेमके आबा आले. मीं म्हणालों, "आबा, डीएपी नाही. समोरच्या दुकानात काल गाडी उतरली आहे, तिथं मिळेल. सोबत बाटली घ्या म्हणाले तर नको म्हणा, आणि पक्की पावती मागा. नाहीच मिळालं, तर तीन सुपर आणि वीस किलो युरिया लागेल. खर्च इतका जास्त येईल, पण गंधक मिळेल." आबांनीं वही मागून घेतली, बोट ठेवून तो रकाना वाचला, आणि ते समोरच्या दुकानीं गेले. तासाभरानें गाडींत डीएपीचें पोतें घालून ते परत आले, व पोटॅश आणि बियाणें आपल्याकडून घेतलें. निघतांना म्हणाले, "या वर्षी झोप लागेल तुम्हांला."

नव्या विक्रेत्यांसाठीं अभ्यास

(१) एकरभर सोयाबीनला १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद व १२ किलो पालाश द्यावयाचें आहे. १२:३२:१६ चीं किती पोतीं द्यावीं, म्हणजे स्फुरद व पालाश दोन्ही बरोबर भागतील? मग नत्र किती कमी पडेल, व त्यास किती किलो युरिया लागेल?

(२) हीच गरज डीएपी व म्युरेट ऑफ पोटॅश यांनीं भागविल्यास किती खर्च येईल? आपल्या दुकानांतील आजच्या भावानें दोन्ही हिशेब मांडा व स्वस्त कोणता तें सांगा.

(३) आपल्या गोदामांतील कोणत्याही एका पोत्यासाठीं "कोणास देऊं नये" हा रकाना भरून दाखवा.